पथारीवरचा नाताळ

२६ डिसेंबर २०२४, गुरुवार

नाताळच्या दुसऱ्या दिवशी पहाटे भुसावळ स्थानकावर आम्ही चौदा जण उभे होतो. पाठीवर पिशव्या आणि पायांशी ब्लँकेटांचे दोन मोठे गठ्ठे पाहून एका हमालाने ‘सहल निघाली वाटतं?’ असे विचारले, तेव्हा होय म्हणावे की नाही, हे आमच्यापैकी कोणालाच चटकन सुचले नाही. सुट्टी होती हे खरे. परंतु सकाळी प्रार्थना, दिवसभर गरिबांमध्ये काम आणि रात्री पुन्हा प्रार्थना असा बेत असलेल्या प्रवासाला नेमके काय म्हणावे, ते मलाही ठाऊक नव्हते. मी आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चभोवतीच्या कॅथलिक समाजाच्या, युवक मंडळाचा मार्गदर्शक आहे. बरोबरची तेरा मुले-मुली अठरा ते चोवीस वयाची. कोणी अभियांत्रिकीला, कोणी नर्सिंगला, दोघे आयटीआयला. त्यांच्यापैकी बहुतेकांचे पणजोबा नगर जिल्ह्यातून रेल्वेच्या नोकरीसाठी भुसावळला आले आणि इथलेच झाले. त्यामुळे ही मुले घरी नगरी वळणाचे मराठी बोलतात, बाजारात अहिराणी, आणि प्रार्थना मात्र पुस्तकी मराठीत करतात.

गाडी ताप्तीच्या खोऱ्यातून सुरतेकडे जाणाऱ्या मार्गाने निघाली. बामणोदच्या वांग्यांचे भरीत आणि कळण्याच्या भाकरी एका मुलीच्या आईने बांधून दिल्या होत्या. ती शिदोरी दुपारपर्यंत पुरवायची असे ठरले होते, पण अमळनेर येण्याआधीच ती संपली. शिंदखेडा, दोंडाईचा ही स्थानके मागे पडली आणि नंदुरबार जवळ आले, तेव्हा खिडकीशी बसलेल्या दोघांना एकदमच ठसका लागला. मिरचीचे गाव आले, हे सांगायला फलकाची गरज उरली नाही.

पावसाळा सरला की ओली लाल मिरची नंदुरबारच्या बाजारात येते. व्यापारी ती घेतात आणि शहराबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर पसरून वाळवतात. या जागेला पथारी म्हणतात. दुरून पाहिले तर कोणी एकरभर लाल लुगडे अंथरले आहे असे वाटते. छायाचित्रकारांना हे दृश्य फार आवडते. पथारीच्या कडेने ताडपत्रीची, जुन्या साड्यांची आणि पोत्यांची जी पाले उभी असतात, ती सहसा त्या छायाचित्रांत येत नाहीत. हंगामभर मिरची पसरणारी, उलटणारी, निवडणारी आणि देठ खुडणारी माणसे लेकराबाळांसह त्या पालांत राहतात. आमचा मुक्काम जवळच्या एका मिशनच्या वसतिगृहात होता. नाताळच्या सुट्टीमुळे मुली घरी गेलेल्या असल्याने खोल्या रिकाम्या होत्या.

दुपारी संत स्तेफनच्या सणाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, झाली. फादरांनी प्रवचनात स्तेफनला दगडांनी मारल्याची कथा थोडक्यात आटोपली आणि तिच्या आधीची गोष्ट सांगितली. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीत एक कुरबुर उठते. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी ती तक्रार होती. ती मिटवण्यासाठी सात जण निवडले गेले आणि त्यांत स्तेफन होता. ‘म्हणजे आपला पहिला हुतात्मा हा मुळात पंगतीत वाढायला नेमलेला माणूस होता,’ असे म्हणून फादर हसले. २०२५ हे कॅथलिक चर्चचे जयंती वर्ष, म्हणजे क्षमेचे खास वर्ष, असल्याने पोप फ्रान्सिस त्याच दिवशी रोममधल्या रेबिबिया तुरुंगात त्या वर्षापुरते उघडले जाणारे पवित्र द्वार उघडणार होते, तेही त्यांनी सांगितले. संत पेत्राच्या महामंदिरातले द्वार दोनच दिवसांपूर्वी उघडले होते. त्यानंतरचे दुसरे थेट कैद्यांच्या घरी, हे ऐकून मुले सावरून बसली.

संध्याकाळी आम्ही ब्लँकेटे वाटली. डिसेंबरभर घरोघर नाताळगीते गाऊन जमलेल्या पैशांतून ती साठ ब्लँकेटे घेतली होती. मिशनच्या कार्यकर्त्याने पंधरवड्यापूर्वी केलेली यादी आमच्याकडे होती. एकाने नावे पुकारली, दोघांनी ब्लँकेटे दिली आणि बाकीच्यांनी मोबाइल धरले. अर्ध्या तासात काम उरकले, काही मोठ्या कुटुंबांना दोन-दोन देता आली आणि आम्ही खुशीत परतलो.

वसतिगृहात सुट्टीतही थांबलेली एकच मुलगी होती. ती धडगावकडची, पावरा समाजाची, बारावीला असलेली आणि स्वयंपाकघरात सिस्टरांना मदत करणारी. जेवणानंतर भांडी विसळता विसळता ती म्हणाली, ‘सर, पलीकडच्या सात पालांना कोणी काही सांगितलंच नाही. ते आमच्याकडचे लोक आहेत, आठ दिवसांपूर्वीच आलेत. त्यांना वाटलं, मालकानं त्याच्या माणसांना बोलावलंय. तुम्ही पुकारलं ते त्यांना कळलं नाही.’

यादी जुनी होती, पुकारा मराठीत होता आणि पावरी बोलणारे वाटपातून राहिले होते. दुपारी मिस्सेत ऐकलेला सहावा अध्याय संध्याकाळी आम्ही जसाच्या तसा करून दाखवला होता. त्या रात्रीच्या प्रार्थनेत कोणीही गाण्याचा स्वर फार उंच लावला नाही.

२७ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी आपापल्या खर्चाच्या पैशांतून नंदुरबारच्या बाजारात आणखी ब्लँकेटे घेतली आणि ती धडगावच्या त्या मुलीच्या हाती सोपवली. ती एकटीच गेली, पालांपाशी बसली, बऱ्याच वेळाने परत आली आणि म्हणाली, ‘दिली. त्यांनी मक्याची भाकरी खायला लावली.’ एवढाच तिचा अहवाल होता.

आज काय करायचे, हा प्रश्न होता. वाटण्यासारखे काही उरले नव्हते आणि शिकवण्यासारखे काही आमच्यापाशी आहे, हा समजही रात्रीत उतरला होता. फादर म्हणाले, ‘जा आणि त्यांच्याबरोबर काम करा.’ मुकादमाची परवानगी काढली. आमच्या हातची मिरची कोणा ना कोणा बाईच्या ढिगात पडेल आणि तिच्या मजुरीत धरली जाईल, या अटीवर त्याने होकार दिला. मजुरी वजनावर असते, त्यामुळे ही अट त्याला विचित्र वाटली तरी गैरसोयीची वाटली नाही.

देठ खुडण्याचे काम पाहायला सोपे आहे. डाव्या हातात मिरची धरायची, उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने देठ पकडून किंचित पीळ द्यायचा. तो टोपीसकट निघाला पाहिजे, पण मिरची फुटता कामा नये, कारण फुटली तर बी सांडते आणि माल उतरतो. माझ्याशेजारची बाई न पाहता, बोलत बोलत, अंगावरच्या बाळाला सावरत हे करीत होती, आणि तिचा ढीग माझ्या ढिगाच्या पाचपट झाला होता. पांढरी पडलेली फटकी मिरची ती त्याच ओघात वेगळी टाकी. मी मात्र दर चार मिरच्यांमागे एक फोडत होतो. पहिला तासभर काहीच जाणवले नाही. मग नखांच्या कडेने चुरचूर सुरू झाली, ती बोटांच्या पेरांत शिरली आणि दुपारपर्यंत दोन्ही पंजे चुलीवर धरल्यासारखे झाले. आमच्यातल्या एकाने नकळत डोळा चोळला आणि त्यानंतरचा अर्धा तास तो पाण्याच्या पिंपापाशी बसून होता. बायका आधी हसल्या, मग त्यांच्यातली एक उठून तेलाची बाटली घेऊन आली. पाण्याने ही आग जात नाही, तेलाने थोडी कमी होते, हे ज्ञान आम्हाला रसायनशास्त्राच्या पुस्तकाआधी त्या बाटलीतून मिळाले. मुकादम जाता जाता अहिराणीत म्हणाला, ‘आते समजनं ना, भाऊ?’

त्या सकाळच्या मिस्सेतले वाचन योहानाच्या पहिल्या पत्राचे होते. जे आम्ही ऐकले, डोळ्यांनी पाहिले आणि हातांनी चाचपले, त्याविषयी तुम्हाला सांगतो, असा त्याचा आशय आहे. हे वाचन मी वर्षानुवर्षे ऐकत आलो, पण त्यातल्या हातांकडे माझे लक्ष कधी गेले नव्हते.

दुपारनंतर आभाळ भरून आले. हवामान खात्याने अवकाळी पावसाचा इशारा दिला होताच. वाळत आलेली मिरची भिजली तर काळी पडते, बुरशी धरते आणि व्यापाऱ्याचे नुकसान होतेच, शिवाय मजुरांचे पुढचे कामही जाते. चार वाजता सगळी पथारी धावू लागली. फावड्यांनी मिरचीच्या राशी ओढायच्या, त्यांवर प्लास्टिकचे कागद टाकायचे आणि कागदांवर दगड ठेवायचे. आमची तेरा तरणीताठी पोरे या कामात पहिल्यांदाच खरोखर उपयोगी पडली, कारण कागद वाऱ्यावर उडू न देण्यासाठी तिथे फक्त माणसांचे वजन हवे होते. सरी येऊन गेल्या. राशी वाचल्या, पालांत मात्र पाणी शिरले, कारण सगळे चांगले कागद मिरचीवर होते. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

रात्री पवित्र साक्रामेंताची, म्हणजे वेदीवर ठेवलेल्या पवित्र भाकरीसमोर शांत बसून करायची, तासभर आराधना होती. हात जोडले की जळजळ वाढत होती, म्हणून अनेक जण तळवे वर करून, मांडीवर उघडे ठेवून बसले. एरवी दहा मिनिटांत चुळबुळ करणारी मुले तासभर हलली नाहीत. याला भक्ती म्हणावे की थकवा, याचा निवाडा मी करणार नाही.

२८ डिसेंबर, शनिवार

पहाटे प्रार्थनागृहाच्या दारातल्या पवित्र पाण्यात बोटे बुडवून क्रुसाची खूण केली आणि कपाळावरचे पाणी डोळ्यांत उतरले. एका रात्रीत मिरची बोटांतून गेली नव्हती. माझ्यामागून आलेल्या प्रत्येकाचे तेच झाले. रांगेने डोळे पुसत आत आलेल्या आम्हा सर्वांना पाहून सिस्टरांना वाटले की आम्ही फार भावविवश झालो आहोत.

आजचा दिवस निरपराधी बालहुतात्म्यांचा, म्हणजे हेरोद राजाने मारलेल्या बेथलेहेमच्या तान्ह्या मुलांचा. हेरोदाच्या भीतीने योसेफ रातोरात मरियेला आणि बाळाला घेऊन मिसर देशात जातो, त्या पलायनाचे शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्रातला उतारा, वाचला गेला. पालांतली बरीच मुले सातपुड्यातल्या शाळांच्या पटांवर आहेत आणि हंगामभर इथे आहेत. धडगाव, अक्कलकुवा या तालुक्यांतून दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात, तर काही इथवर येतात. आमच्या मुलींनी दिवसभर या मुलांना गोळा करून गाणी, चित्रे आणि लंगडी असा कार्यक्रम घेतला. त्याचे वर्णन करण्याजोगे फारसे नाही. मुले खूष होती आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा या म्हणाली.

संध्याकाळी शहरात जाऊन शिरीषकुमारचे स्मारक पाहिले. ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्यात शाळकरी वयाचा शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती पडले. बालहुतात्म्यांच्या सणाला बालहुतात्म्यांच्या गावात आहोत, हे आमच्या लक्षात सकाळी आले नव्हते. चौकातल्या रहदारीत पाच मिनिटे उभे राहून आम्ही एक ‘आमच्या स्वर्गातील बापा’ म्हटले. शेजारच्या भत्त्याच्या, म्हणजे चुरमुऱ्यांच्या खाऊच्या, गाडीवाल्याने तेवढा वेळ गॅस बारीक केला.

२९ डिसेंबर, रविवार

पवित्र कुटुंबाचा सण. जगभरच्या धर्मप्रांतांतील प्रमुख मंदिरांत आज जयंती वर्षाचा आरंभ होत होता. आम्ही आमच्या पन्नास माणसांच्या मिस्सेत तो साजरा केला.

दुपारी भांडण झाले. एका मुलाने गुरुवारच्या वाटपाचा फोटो आपल्या स्टेटसला ठेवला होता. ब्लँकेट घेताना खाली पाहणारी म्हातारी आणि देताना कॅमेऱ्याकडे पाहणारा तो. धडगावच्या मुलीने तो पाहिला आणि सगळ्यांसमोर विचारले, ‘त्या आजीला विचारलं होतं का?’ मुलाचे म्हणणे असे की फोटो पाहून आणखी लोक मदत करतील. दोघांच्या बाजूने बोलणारे निघाले आणि आवाज चढले. मुलाचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता, कारण पुढच्या वर्षी पैसे याच मार्गाने जमणार होते. तरी फोटो स्टेटसवरून काढून टाकावा असे माझे मत पडले आणि मी ते सांगितले.

मग मी त्यांना फ्रेडरिक ओझानामची गोष्ट सांगितली. पॅरिसमध्ये कायदा शिकणाऱ्या या विद्यार्थ्याने २३ एप्रिल १८३३ रोजी, आपल्या विसाव्या वाढदिवशी, मूठभर मित्रांसह जे मंडळ सुरू केले, तेच आज संत विन्सेंट डी पॉल सोसायटी म्हणून जगभर आणि आमच्याही धर्मग्रामात आहे. ओझानामला आणि त्याच्या मित्रांना गरिबांकडे कसे जावे ते माहीत नव्हते. रोझली रेंदू नावाच्या धर्मभगिनीने त्यांना आपल्या वस्तीतली घरे नेमून दिली. भाकरी मिळवून देणाऱ्या चिठ्ठ्या हातात होत्या, पण त्या पोहोचवायला प्रत्येक घराचा जिना चढून जायचे आणि त्या घरात बसायचे, ही तिची रीत होती. पुढे १९९७ मध्ये पॅरिसलाच, जागतिक युवा दिनाच्या मेळाव्याच्या वेळी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी ओझानामला धन्यवादित (संतपदाआधीची पायरी) घोषित केले. मुलाने फोटो काढून टाकला. तो रागातच होता, पण रात्रीच्या जपमाळेला तो धडगावच्या मुलीच्याच शेजारी बसला.

३० डिसेंबर, सोमवार

आजच्या शुभवर्तमानात हन्ना येते. मंदिर न सोडणारी ८४ वर्षांची विधवा. वाचन संपवून आम्ही बाहेर पडलो, तर ओट्यावर एक आजी बसलेल्या. मिशनच्या पलीकडच्या वस्तीत त्या एकट्या राहतात. त्यांना संजय गांधी निराधार योजनेचे महिना १५०० रुपये मिळतात, पण दोन महिन्यांचे पैसे निघत नव्हते. शनिवारीच त्यांनी हे सांगितले होते, पण तो चौथा शनिवार असल्याने बँक बंद होती.

नर्सिंगची एक मुलगी, फोटोवाला मुलगा, धडगावची मुलगी आणि मी असे चौघे आजींबरोबर निघालो. बँकेच्या ग्राहक सेवा केंद्रात रांग होती. तिथे बोटाचा ठसा जुळला की पैसे निघतात. यंत्राच्या लहानशा काचेवर आजींनी उजवा अंगठा ठेवला आणि यंत्राने नकार दिला. डावा ठेवला, पुन्हा नकार. केंद्रचालक वैतागलेला असला तरी वाईट नव्हता. त्याने रुमालाने काच पुसली, आजींना बोटे पुसायला सांगितली आणि पुन्हा लावायला सांगितले. ‘ह्यांचे ठसेच उरले नाहीत,’ तो म्हणाला. मी प्रथमच तो अंगठा जवळून पाहिला. चाळीस-पन्नास वर्षे मिरची, कापूस, खुरपणी आणि भांडी यांनी तो नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत केला होता. त्यावर रेषांऐवजी दोन जुन्या भेगा तेवढ्या होत्या. आजी कामाच्या खुणांनी भरलेल्या हाताने उभ्या होत्या आणि यंत्राच्या लेखी त्या कोणीच नव्हत्या.

आम्ही रांगेतून बाजूला झालो. नर्सिंगच्या मुलीने थोडे खोबरेल आणून आजींच्या दहाही बोटांना लावले, चोळले आणि स्वच्छ पुसले. पुन्हा रांग धरली आणि तर्जनीपासून एकेक बोट सुरू केले. मागची माणसे कुरकुरू लागली, तेव्हा आमच्या मुलाने मागे वळून प्रत्येकाला हात जोडून थांबायची विनंती केली. सात बोटे झाली. आठव्याला, म्हणजे डाव्या हाताच्या अनामिकेला, यंत्राने बीप केले. केंद्रचालकच मोठ्याने ‘लागलं!’ म्हणाला.

तीन हजार रुपये आजींनी तीनदा मोजले आणि पदराच्या गाठीत बांधले. त्यांतून एक नोट काढून त्यांनी भत्ता घेतला, आम्हा चौघांच्या ओंजळीत सारखा वाटला आणि धडगावच्या मुलीला भिलीत काही सांगितले. मुलगी म्हणाली, ‘आजी म्हणतात, कोणतं बोट ते लिहून ठेवा.’ मी वहीत लिहिले. हे पाहून रांगेतल्या आणखी दोन बायका आमच्याकडे आल्या, मग तिसरी आली. दुपारी आम्ही वसतिगृहातून आणखी चौघांना बोलावून घेतले आणि संध्याकाळपर्यंत आमच्या वहीचे एक पान भरले: कोणाचे बोट, कोणाच्या नावातली चूक, कोणाचे पासबुक हरवलेले. साठ ब्लँकेटांच्या वाटपाला अर्धा तास लागला होता; या एका पानाला पूर्ण दिवस लागला आणि त्यातलीही निम्मी कामे अर्धवटच राहिली.

३१ डिसेंबर, मंगळवार

दिवस पुन्हा वहीतच गेला. रात्री पापनिवेदन, मग आराधना, आणि बारा वाजता वर्षाबद्दलचे उपकारगीत झाले. दूर शहरात फटाके वाजत होते. पथारीवर शेकोटी होती. आम्ही तिथे गेलो, तर सात पालांतल्या लोकांनी जागा करून दिली. एका म्हाताऱ्याने बासरी काढली. आमच्या मुलांनी नाताळगीत म्हटले, त्यांना शब्द कळले नाहीत. त्यांनी गायले, ते आम्हाला कळले नाही. थंडी चांगलीच होती आणि नव्या ब्लँकेटांतले एक आम्हा तिघांच्या खांद्यांवर येऊन पडले.

१ जानेवारी २०२५, बुधवार

देवमाता मरियेच्या सणाची सकाळची मिस्सा करून आम्ही निघालो. आजच्या शुभवर्तमानात मेंढपाळ आहेत, आणि स्थानकाकडे जाताना ठेलारींच्या मेंढ्यांनी आमचा रस्ता दहा मिनिटे अडवला. गाडी चुकेल म्हणून आम्ही त्यांच्यावर चिडलो, हेही खरे.

धडगावची मुलगी स्थानकापर्यंत आली होती. तिने रात्री जागून वहीची नक्कल केली होती. आमच्या वहीत नाव आणि काम एवढेच रकाने होते; तिने आणखी एक रकाना वाढवला होता, ‘बोली’, आणि त्यात भिली, पावरी, अहिराणी असे प्रत्येकीपुढे लिहिले होते. उरलेल्या कामांसाठी कोणीतरी परत यायला हवे, हे उघड होते. फलाटावर फोटोवाल्या मुलाने आणि नर्सिंगच्या मुलीने आपण दोघे येतो म्हणून सांगितले. सुट्टीचा दिवस पाहून त्यांनी ११ जानेवारी, शनिवार, ही तारीख वहीच्या कोपऱ्यात लिहिली.

धडगावच्या मुलीने ती वाचली आणि म्हणाली, ‘तो दुसरा शनिवार आहे. बँक बंद असते. शुक्रवारी या.’

शुक्रवारी कॉलेज असते. मुलाने तारीख खोडली, १० लिहिली आणि गाडी दोंडाईच्याला पोहोचेपर्यंत तो माझ्याकडून रजेच्या अर्जाचा मसुदा लिहून घेत होता.